कडेला लिहिलेली ओळ

यंदाच्या कीर्तनात प्रसेनजित झील धरणार नाही, हे सिंधूताईंना कळलं तेव्हा त्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. सणाला पाच दिवस राहिले होते.

बुलढाणा जिल्ह्यातल्या धाडपासून चार मैलांवरच्या त्या गावात ख्रिस्ती घरं पंधरा-वीस. जानेवारीत त्यांचा कापणीचा सण असतो. जो तो आपल्या शेतातलं पहिलं पीक चर्चमध्ये वेदीपुढे आणून ठेवतो आणि दुपारी चारला सिंधूताईंचं कीर्तन उभं राहतं. तबल्यावर निवृत्ती. हा निवृत्ती हिंदू शेतकऱ्याचा मुलगा, गावच्या सप्ताहात पखवाज वाजवणारा. त्याच्यामागून निम्मं गाव येतं. येशूची गोष्ट सगळ्यांना ठाऊक झाली आहे, पण सिंधूताई ती रंगवतात कशी, हे दरवर्षी पाहायचं असतं.

कीर्तनकार ओळ म्हणून मोकळा होतो, मग मागचा माणूस ती उचलतो, घोळवतो आणि पुन्हा त्याच्या हाती देतो. हीच झील. प्रसेनजित बारा वर्षांचा असल्यापासून सिंधूताईंच्या मागे उभा राहत आला होता. बहीण गेल्यावर त्यांनीच त्याला वाढवलं. आता तो बुलढाण्याला शाळेत गणित शिकवायचा. दोन वर्षांपासून दर शनिवारी खामगावला एका बायबल अभ्यासाच्या मंडळीत जायचा.

"मावशी, यंदा मी नाही उभा राहणार मागं."

"काऊन? घसा बसला का?"

"घसा चांगला आहे. नमन म्हणता येत नाही मले."

नमन म्हणजे कीर्तनाची सुरुवात. सिंधूताईंच्या वडिलांनी, दादांनी ते बांधलं होतं:

पिता, शब्द, आत्मा, स्वर्गी साक्षी तीन,
तिघे एकचि देव, त्यांच्या चरणी लीन.

"त्यात काय वाईट आहे?" सिंधूताईंनी विचारलं.

"येशू देवाचा पुत्र, हे मी मानतो. देवानं पाठवलेला, देवाच्या उजवीकडे बसलेला. पण तो स्वतःच देव, हे मले शास्त्रात सापडत नाही. बाप माझ्याहून थोर आहे, असं तोच म्हणतो. शेवटचा दिवस मलेही ठाऊक नाही, फक्त बापाले ठाऊक, असंही तोच म्हणतो. धरून नेलं त्या रात्री गेथशेमानेच्या बागेत गुडघे टेकून रडला. कोणापुढं रडला, मावशी? स्वतःपुढं?"

सिंधूताईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. राग यायला हवा होता, असं त्यांना वाटून गेलं. पण आली ती उत्सुकता. चाळीस वर्षं त्या बागेचं आख्यान त्यांनी लावलं, बायाबापड्यांना रडवलं, आणि हा प्रश्न एकदाही मनात आला नाही!

"आणखी सांग," त्या म्हणाल्या.

प्रसेनजित चमकला. भांडणाची तयारी करून आलेल्या माणसापुढे कुणी चहा ठेवावा, तसं त्याचं झालं. "ज्या वाक्यावरून दादांनी नमन बांधलं ना, ते वाक्यच मुळात नाही. दादांचं जुनं छापील बायबल काढ आणि माझं नवं भाषांतर घे. योहानाचं पहिलं पत्र, पाचवा अध्याय. लाव बरं दोन्ही शेजारी."

त्यांनी तुरीचं सूप बाजूला सारलं, हात पुसले आणि दोन्ही पुस्तकं ओट्यावर मांडली. जुन्यात स्वर्गात साक्ष देणारे तीन होते: पिता, शब्द आणि पवित्र आत्मा. नव्यात साक्ष देणारे तीन होते, पण ते आत्मा, पाणी आणि रक्त. स्वर्गातले तिघे गायब. सिंधूताईंनी पान उलटून पाहिलं, जणू ते मागच्या बाजूला जाऊन बसले असतील.

"तुमच्या लोकांनी छापलं का हे?"

"नाही वो! पाळकसाहेब रविवारी हेच वाचतात. विचार त्यायले."

त्या लगेच निघाल्या. पायात चपला घालायच्या राहिल्या, ते चर्चच्या पायरीवर लक्षात आलं. पाळकसाहेब सणासाठी पताका बांधत होते. भला माणूस. स्टुलावरून उतरून त्यांनी खरं ते सांगून टाकलं.

"बरोबर आहे, सिंधूताई. मूळ ग्रीक भाषेतल्या जुन्या हस्तलिखितांत ते वाक्य नाही. पुढं कोणीतरी अर्थ कळावा म्हणून पानाच्या कडेला लिहिलं असावं, आणि नक्कल करणाऱ्यानं ते आत घेतलं. पण आपला विश्वास त्या एका वाक्यावर उभा नाही, हेही लक्षात ठेवा."

"कडेला लिहिलं," सिंधूताई पुटपुटल्या, आणि त्यांना एकदम हसू फुटलं. पाळकसाहेब बघतच राहिले.

हसण्याचं कारण असं. कीर्तनकाराची वही छापील नसते, हाताहातांतून उतरत जाते. सिंधूताई चौदा वर्षांच्या असताना दादांच्या वहीत एका पदाशेजारी त्यांनी पेन्सिलीनं स्वतःची एक ओळ लिहिली होती. पदाचा अर्थ ध्यानात राहावा, एवढ्यासाठीच. पुढे जानेफळच्या एका शिष्यानं वही उतरवून नेली. तीस वर्षांनी त्याची मुलगी केसरबाई कीर्तनाला उभी राहिली आणि तीच ओळ दादांची म्हणून गायली. लोकांनी माना डोलावल्या. सिंधूताई पुढे बसल्या होत्या. मनातून सुखावल्या आणि गप्प बसल्या. अजून गप्पच होत्या.

घरी आल्यावर त्यांनी हे पहिल्यांदा कोणाला तरी सांगितलं.

प्रसेनजित हसून हसून बेजार झाला. "म्हणजे तू दादांच्या नावावर खपली?"

"खपली बाबू. पण ऐक. माझी ओळ दादांची नव्हती, म्हणून काही खोटी नव्हती. दादांच्या मनातलंच लिहिलं होतं मी. तसं त्या स्वर्गातल्या तिघांचं काऊन नसंल?"

"असंल. पण दादांचं नव्हतं ते दादांचं म्हणून गायचं का?"

त्या रात्री सिंधूताई दोन्ही पुस्तकं घेऊन बसल्या. मग त्यांनी दादांच्या शिस्तीप्रमाणे केलं. दादा म्हणायचे, पूर्वरंगात समोरच्याची शंका मांडायची तर त्याच्याहून चांगली मांडायची. तो स्वतः ऐकत असला तर त्यानं म्हणावं, हे मला सुचलं नव्हतं. एरवी सिंधूताई मूर्तिपूजकाची किंवा नास्तिकाची शंका मांडायच्या, आणि खरं सांगायचं तर ती जरा लंगडीच मांडायच्या. तालमीला बसल्या तेव्हा निवृत्तीला त्यांनी सांगून टाकलं, "यंदा नमन नाही. थेट प्रसेनजितची शंका."

निवृत्तीनं तबल्यावरचा हात उचलला. "गणपतीशिवाय पंगत बसवता का ताई? आणि मागं कोण? पोरगा तर रुसला म्हणते गाव."

"रुसला नाही. त्याले म्हणता येत नाही."

"असं काय ते? आमच्यातबी देव एक का दोन, यावर बुवा लोक दिवस दिवस भांडतात. झील कोणी सोडत नाही."

"खोटं म्हणून झील धरण्यापेक्षा सोडलेली बरी, निवृत्तीभाऊ." तो बारा वर्षांचा झाल्यापासून त्याच्याविना कीर्तन त्यांनी कधी उभंच केलं नव्हतं. तो त्या मंडळीत गेला याचं त्यांना इतकं दुःख नव्हतं. आपला सूर त्याच्या सुराला पुन्हा कधी लागणार नाही, ही धास्ती होती.

सणाच्या दिवशी वेदीपुढे तुरीची पेंडी, मक्याची कणसं, हरभऱ्याचा टहाळ, दोन तांबडे भोपळे आणि कोणाची तरी पाय बांधलेली कोंबडी होती. सिंधूताई झांजा घेऊन उभ्या राहिल्या. मागची जागा रिकामी. प्रसेनजित शेवटच्या ओळीत, भिंतीला टेकून.

"मंडळी," सिंधूताई म्हणाल्या, "दादांचं नमन आज होणार नाही. ज्या वाक्यावर ते बांधलं, ते वाक्य जुन्या पोथ्यांत नाही, असं पाळकसाहेबच म्हणतात. मग शंका अशी येते."

आणि त्यांनी शंका मांडली. बाप थोर, असं कोण म्हणालं? दिवस ठाऊक नाही, असं कोण म्हणालं? वधस्तंभावर 'माझ्या देवा' अशी हाक कोणी कोणाला मारली? एकेका प्रश्नावर झांज, एकेका झांजेला तबल्याची थाप. मग बागेतल्या प्रार्थनेचं, दुःखाच्या पेल्याचं पद लावलं:

बापा, पेला टळो हा, टळणार तर टळो,
माझे नको, तुझेच होवो, मन तुजकडे वळो.

रंग असा चढला की महादेवराव, मंडळीचे सगळ्यांत जुने पंच, डोळे मिटून कडाडले, "आमेन!" त्यांच्यामागे सगळी मंडळी, "आमेन!" महादेवरावांची सवयच ती. कडवं रंगलं की आमेन. आपण शंकेलाच आमेन म्हटलं, हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि इकडेतिकडे पाहिलं. पाळकसाहेबांनी रुमालात तोंड लपवलं.

सिंधूताईंना मात्र दुसरंच काही ऐकू आलं होतं. पदाची दुसरी ओळ त्यांनी म्हणून मागे सोडली आणि ती मागून उचलली गेली. भिंतीकडून. खालच्या पट्टीत सुरू होऊन हळूहळू वर चढत, थेट त्यांच्या हातात आली. लोक वळून पाहू लागले. कोणीतरी वाट करून दिली, आणि प्रसेनजित गात गातच पुढे आला, मागे ठेवलेली झांजांची दुसरी जोडी उचलून आपल्या जागेवर उभा राहिला. सिंधूताईंनी वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर गाता आलं नसतं.

पण शंका मांडली तर उत्तरही द्यायचंच. उत्तररंगात त्यांनी थोमा या शिष्याची गोष्ट लावली. मरणातून उठलेला प्रभू समोर, घाव उघडा, आणि हा संशयी माणूस.

बोट घावाशी नेले, हात तिथेच थांबला,
माझ्या प्रभू, माझ्या देवा, थोमा एवढेच बोलला.

"आता मंडळी, प्रेषित पौलाले लोक देव म्हणू लागले, तर त्यानं आपले कपडे फाडले. नका म्हणू, मी तुमच्यासारखाच माणूस, म्हणाला. थोमा येशूच्या तोंडावर 'माझ्या देवा' म्हणाला. येशूनं कपडे फाडले का? गप्प बस म्हणाला का? नाही, असं काहीच केलं नाही."

त्यांनी थोमाची ओळ पुन्हा म्हणून मागे सोडली. मागे शांतता होती.

ती एकाच श्वासाएवढी, पण सिंधूताईंना पुरती ऐकू आली. मग निवृत्तीनं तबला वाजवता वाजवता आपल्या जाड्याभरड्या आवाजात ती उचलली, बायांनी साथ दिली, आणि पद पुढे गेलं. प्रसेनजित झांज वाजवत राहिला. तोंड मिटलेलं, ताल बिनचूक.

कीर्तन संपल्यावर महादेवराव पुढे आले. "सिंधू, ते नमन का सोडलं? तुझ्या बापाचं होतं!"

"काका, तुम्ही आज कशाले आमेन म्हटलं, तेवढं सांगा मंग मी सांगतो," सिंधूताई म्हणाल्या. हसता हसता निवृत्तीच्या हातून तबल्याची हातोडी पडली. महादेवराव भोपळा उचलून निघून गेले. भोपळा त्यांचा नव्हता.

प्रसेनजित झांजा फडक्यात गुंडाळत होता. "मावशी, शंका माझ्याहून चांगली मांडली तू. वधस्तंभावरची हाक मी तुले सांगितलीच नव्हती."

"रात्री वाचली. वाचून झोप उडाली माही."

"आणि मी थोमाच्या ओळीले गप्प राह्यलो."

"ऐकलं मी." सिंधूताई जमिनीवर बसल्या. पाय दुखत होते. "तिथं गायला असता तर मले वाईट वाटलं असतं. मावशीसाठी गायला, असं वाटलं असतं."

त्यानं फडक्याला गाठ मारली. मग म्हणाला, "थोमाचं उत्तर आमच्या लोकांपाशी आहे. थोमा चकित होऊन देवाले हाक मारत होता, असं काही म्हणतात."

"पण लिहिलंय की तो येशूले म्हणाला."

"हाव. तिथं मलेही नीट जमत नाही."

"मंग विचार त्यायले."

"विचारतो शनिवारी."

सिंधूताईंनी कोंबडीच्या पायाची दोरी सैल केली. ती बिचारी मघापासून एका कुशीवर पडली होती. मग प्रसेनजितकडे वर पाहून त्यांनी विचारलं, "खामगावची गाडी किती वाजता असते रे? मी येतो संग. ते काय म्हणतात, मले माह्या कानानं ऐकू दे."

"तिथं कीर्तन नसतं, मावशी. नुसतं वाचन असतं."

"असू दे. प्रश्न विचारू देतात ना?"

"देतात."

"मंग जमते," सिंधूताई म्हणाल्या.