जोर ठीक

"झाकण लावायच्या आधी एकदा नाक लावा भाऊ," साहेब म्हणाले. "नंतर कोणी बोलायला नको."

नाकभाऊ पिंपावर वाकले. मोठा श्वास घेतला, झटकन मान मागे घेतली, दोनदा खोकले आणि रुमाल डोळ्यांना लावला. ब्लीचिंग पावडरचं पिंप उघडल्यावर माणूस जे जे करतो ते सगळं त्यांनी केलं.

"आहे जोर."

"झालं! प्रयोगशाळेच्या बापाने सांगितलं," साहेब ड्रायव्हरकडे बघून हसले. "चढवा."

बावीस पिंपं चढली. पूर आदल्या रात्री आला होता. नदीकाठची वस्ती उंचावरच्या शाळेत हलवली होती आणि शाळेच्या टाकीत नदीचंच पाणी पंपाने भरायचं ठरलं होतं. गाडी चिखल उडवत वळणाआड गेली.

नाकभाऊंनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. तो कोरडा होता.

भिंतीपासून हातभर अंतर ठेवावे

कोठाराच्या भिंतीवरच्या सूचना त्यांनी स्वतः लाल रंगाने लिहिल्या होत्या. पत्र्याचं छप्पर, सिमेंटची जमीन, जमिनीपासून वीतभर उंच लाकडी फळ्या. फळ्यांवर पावडरची पिंपं. पलीकडे घडीचे प्लास्टिकचे कॅन, साबणाच्या पेट्या, जलसंजीवनीची पाकिटं, संडासासाठी भोकं पाडलेल्या फरशा. पावडरजवळ लोखंड ठेवायचं नाही, गंजून त्याची चाळण होते. डिझेल तर त्या बाजूला फिरकूही द्यायचं नाही.

वर्षानुवर्षं संकटकाळासाठीच्या या साठ्यातलं काही लागायचं नाही. लागू नये म्हणूनच सगळे देवाला हात जोडायचे.

"तुमचं बरंय भावोजी," मेहुणा म्हणायचा. "काही घडलं नाही तर पगार, आणि घडलं तर मान."

जुना माल आधी बाहेर

पण बाहेर जाणार कुठे? संकटच आलं नाही तर जुना माल जुनाच होत राहतो. वर पत्रा तापतो. पावडर पांढरी ती पांढरीच दिसते, वजनही तेवढंच भरतं, फक्त आतून मरते. तसा कोठारातला शब्दच होता, 'मेलेली पावडर'. मेलेली पावडर पाण्यात टाकणं म्हणजे खडूची भुकटी टाकणं.

म्हणून दर तीन महिन्यांनी नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा नियम होता. अहवाल यायला महिना लागायचा. एकदा नाकभाऊ सहज म्हणाले होते, "तिसऱ्या रांगेतलं पाठवू नका, ते मेलंय. वास घ्या की." साहेबांनी हट्टाने पाठवलं. महिन्याने अहवाल आला, मेलेलं. पुढच्या खेपेला पुन्हा तसंच. तिसऱ्या खेपेपासून नमुने जायचे बंद झाले. कशाला जायला हवेत? त्यांना नाव पडलं नाकभाऊ, आणि नोंदवहीत त्यांच्या अक्षरात दर तीन महिन्यांनी दोन शब्द पडू लागले. जोर ठीक.

कधी कधी 'माल काढून टाकावा' असंही पडायचं.

गेल्या दोन वर्षांत ते एकदाही पडलं नव्हतं.

कोठारात खाऊ-पिऊ नये

हे घरी घडलं, दीड वर्षापूर्वी.

"अहो! तुम्ही इथेच बसला होतात ना?"

"हो. का?"

"का काय का? दूध करपलं, पातेलं काळं झालं, शेजारीण दार वाजवून गेली. आणि तुम्ही पेपर वाचताय!"

"सर्दी झालीय."

"कसली सर्दी? सहा महिन्यांची?" बायकोने पातेलं मोरीत आदळलं. मग हात पुसत समोर येऊन बसली. तिचा आवाज उतरला होता. "त्या पावडरीने खाल्लं नाक. सांगून टाका ऑफिसात."

"काय सांगू? मला दुसरं काय येतं?"

"कुलूप लावता येतं. मोजता येतं."

"ते कोणालाही येतं."

"डोळे झोंबतात ना पण अजून? त्यावरून कळत असेल."

"डोळ्यांवरून कळतं," ते म्हणाले. तेव्हा ते खरंच होतं. नंतर मात्र एकेका तिमाहीत डोळे कमी कमी झोंबू लागले. नाकभाऊंनी मनाशी ठरवून टाकलं की डोळ्यांनाही सवय झाली असेल.

आणीबाणीतच उघडावी

चौथ्या दिवशी सकाळी लेकीचा फोन आला. ती नर्स होती आणि तिची नेमणूक त्याच शाळेत होती.

"बाबा, पावडर तपासली होती ना तुम्ही?"

"का गं?"

"पाण्याला वासच नाही. रोज मापाने टाकतेय मी. इथे एकशे चाळीस जण आडवे पडलेत, जुलाब थांबत नाहीत. पहाटे एक मुलगी गेली, चार वर्षांची. तपासली होती ना, बाबा?"

"तपासली होती."

"मग माझंच माप चुकत असेल," लेक म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

नाकभाऊ कोठार उघडून आत गेले.

पाणी तपासायची पेटी वरच्या फळीवर होती. तिला लाखेचं सील होतं. सात वर्षांत ते कोणी तोडलं नव्हतं, कारण पेटी संकटासाठी पूर्ण हवी. पाहणीला येणारे सील बघायचे, मान हलवायचे आणि चहाला जायचे. संकट येऊन चार दिवस झाले होते आणि सील अजून शाबूत होतं. ते तोडायला कोणी सांगितलंच नव्हतं.

त्यांनी ते अंगठ्याने फोडलं.

उरलेल्या पिंपांपैकी एकातली पावडर मापाने पाण्यात कालवली, काचेची नळी भरली, बाटलीतले थेंब टाकले. पावडरीत जोर असता तर पाणी पिवळं व्हायला हवं होतं. ते दारापाशी उजेडात नळी धरून उभे राहिले. पाणी नितळ होतं.

थेंबच जुने झाले असतील. त्यांनी क्लोरीनच्या गोळ्यांचा खोका उघडला. गोळ्या चंदेरी पाकिटात एकेक बंद असतात, त्यांना हवा लागत नाही, नाक लागत नाही. एक गोळी दुसऱ्या पाण्यात विरघळवली आणि थेंब टाकले. नळी पिवळीधमक झाली.

मग दुसरं पिंप, तिसरं, चौथं.

नितळ. नितळ. नितळ.

लेखी आदेशाशिवाय माल देऊ नये

"साहेब, पावडर मेलेली आहे."

"कुठली?"

"आपली. सगळी."

"वास तर तुम्हीच घेतला माझ्यासमोर!"

"मला वास येत नाही साहेब. दोन वर्षं झाली."

पलीकडे कोणीतरी खुर्ची सरकवली, दार लावलं.

"भाऊ, हे फोनवर बोलायचं नाही. नवीन माल उद्या संध्याकाळी येतोय, गुपचूप बदलून टाकू. तोवर पाणी उकळून प्या म्हणून सांगतो मी त्यांना."

"कशावर उकळतील? काडी न् काडी भिजलीय. गोळ्यांचा आदेश द्या."

"गोळ्या पुढच्या टप्प्यासाठी आहेत. वरची सही लागते, आणि सही मागायची तर कारण लिहावं लागेल. काय लिहू?" साहेबांचा आवाज एकदम मऊ झाला. "नोकरी किती राहिली तुमची?"

"चौदा महिने."

"मग?"

नाकभाऊंनी फोन ठेवला. ते ड्रायव्हरला हाक मारायला गेले. दोघांनी मिळून गोळ्यांचे नऊ खोके गाडीत चढवले.

"कागद?" ड्रायव्हरने विचारलं. "वाटेत अडवलं तर काय दाखवू?"

"मला दाखव."

निघण्याआधी त्यांनी नोंदवही उघडली. माल नऊ खोके. 'आदेश कोणाचा' या रकान्यात त्यांनी लिहिलं, माझा.

*

शाळेच्या आवारात टाकीपासून फाटकापर्यंत रांग होती. वर्गांतून बाकं बाहेर काढून ठेवली होती, आत माणसं जमिनीवर ओळीने निजली होती. लेक बाहेर आली. तिच्या हातात मापाचा डबा होता.

"तुझं माप बरोबर आहे," नाकभाऊ म्हणाले.

"म्हणजे?"

त्यांनी सगळं सांगितलं. नाक, रुमाल, पेटी.

"परवा जरी कळलं असतं," ती शेवटी म्हणाली, "तरी मी हे पाणी कोणाला पिऊ दिलं नसतं, बाबा."

मग तिने डबा खाली ठेवला, पहिला खोका फोडला आणि पाकिटं फाडायला बसली.

नाकभाऊ टाकीच्या चौथऱ्यावर चढले. त्यांना मोठ्याने बोलायची सवय नव्हती. पहिलं वाक्य रांगेच्या निम्म्यापर्यंतही पोचलं नाही, म्हणून ते पुन्हा बोलले.

"हे पाणी पिऊ नका! भरलेलं असेल ते ओतून टाका! कोठारातून आलेली पावडर मेलेली होती. ती ठीक आहे असं मी सांगितलं होतं. मी न तपासता सांगितलं."

पुढच्या माणसाने हातातल्या हंड्यात डोकावून पाहिलं.

"मग चार दिवस आम्ही काय पीत होतो?"

"नदीचं पाणी."

तो माणूस दोन पावलं पुढे आला, त्याने नाकभाऊंची विजार गुडघ्यापाशी मुठीत धरली आणि ओढली. ते चौथऱ्यावरून खाली पडले. कोणी उचललं नाही, कोणी मारलंही नाही. उठून त्यांनी चिखलाचे हात विजारीला पुसले आणि नळाखाली ठेवलेल्या पहिल्या हंड्यात गोळी टाकली. मग दुसऱ्यात.

"अर्धा तास थांबायचं," ते प्रत्येकाला सांगत होते. "अर्ध्या तासाआधी तोंडाला लावायचं नाही."

दुपारी एक बाई बादली घेऊन आली. लोकांनी तिला रांगेत पुढे वाट करून दिली. लेकीने वर पाहिलं आणि पाकीट फाडता फाडता थांबली.

"पहाटेच्या मुलीची आई," ती हळूच म्हणाली.

नाकभाऊंनी बादली भरली, गोळ्या टाकल्या. बाईने विचारलं, "हे आंघोळीला चालेल का? तिला घालायचीय."

गोळीची गरज नव्हती, तसंही चाललं असतं. ते सांगायला त्यांनी तोंड उघडलं, पण तसं सांगवलं नाही.

"चालेल," ते म्हणाले. "अर्धा तास थांबावं लागेल."

"थांबते."

बाईने बादली टाकीच्या सावलीत ठेवली आणि तिच्याशेजारी जमिनीवर बसली. नाकभाऊंनी मनगटावरचं घड्याळ काढून चौथऱ्यावर तिला दिसेल असं ठेवलं, पण तिने तिकडे पाहिलं नाही. रांग सरकत होती.

"झाला का?" मधेच तिने विचारलं.

"अजून अकरा मिनिटं."

"बरं," ती म्हणाली, आणि पाण्यावर पडलेलं वाळकं पान बोटाने अलगद बाहेर काढलं.