झाकणावरची लाल पट्टी

मित्रांनो, मला पाहणारा प्रत्येक जण आधी माझ्या झाकणावरच्या लाल चिकटपट्टीकडे बोट दाखवतो. करड्या अंगावर ती अजिबात शोभत नाही. तिच्या कडाही उचकटल्या आहेत. पण तिची गोष्ट सांगितल्याशिवाय माझी गोष्ट सांगता येणार नाही. मी एक जुना लॅपटॉप आहे, आणि आत-बाशी या डोंगरातल्या गावात कुलिपा नावाच्या संगीत शिक्षिकेच्या घरी, खिडकीजवळच्या फळीवर राहतो.

मला तयार करणारे हात मला आठवत नाहीत. आठवतं ते बिश्केक शहरातलं सैकालचं टेबल. सैकाल गणित शिकून नुकतीच नोकरीला लागली होती. रोजच्या कामासाठी तिच्याकडे दुसरा लॅपटॉप होता. मला तिने घेतलं ते चुका करण्यासाठी. हे ऐकून वाईट वाटून घेऊ नका. चुका करणं हेच माझं काम होतं.

संगणक सुरू केल्यावर त्याच्या आत एक मूळ व्यवस्था जागी होते आणि बाकी सगळं तिच्या आधाराने चालतं. तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. ती बाजारात येण्याआधी बराच काळ कच्ची असते. कंपनी ही कच्ची प्रणाली जगभरातल्या काही लोकांना वापरून पाहायला देते. त्यांनी दोष शोधायचे आणि कळवायचे. सैकाल अशी परीक्षक होती. किर्गिझ अक्षरं पहिल्या दिवसापासून नीट उमटली पाहिजेत, नंतर कोणीतरी दया येऊन दुरुस्त केलेली नकोत, असं तिचं म्हणणं होतं.

कच्ची प्रणाली माझ्यात उतरण्याआधी पडद्यावर एक लांबलचक करार आला. बहुतेक लोक असा करार न वाचता खाली जातात आणि 'मान्य' म्हणतात. सैकालने तो पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. तिची आई बाक्तिगुल चहा घेऊन आली, कप थंड झाला, तरी वाचन चालूच.

"इतकी चौकशी तर माणूस लग्नाआधी नवऱ्याचीही करत नाही," आई म्हणाली.

"म्हणून तर नंतर रडत बसतात, आई."

"मी कुठे रडले?"

"बाबा ऐकताहेत म्हणून असं म्हणतेस."

करारात जे होतं ते मला अजून पाठ आहे, कारण ती प्रत्येक अट पुटपुटत होती. ही प्रणाली अपुरी आहे. ज्या यंत्रावर तुमचं खरं काम अवलंबून आहे, त्यावर ती घालू नका. जे हरवलेलं चालणार नाही त्याची प्रत दुसरीकडे ठेवा, कारण हरवलं तर आम्ही भरून देणार नाही. आत काय पाहिलंत ते बाहेर बोलू नका. तुम्ही कळवलेले दोष आम्ही हवे तसे वापरू. ठरलेल्या तारखेनंतर ही प्रणाली आपोआप थांबेल. आणि ही प्रणाली तुम्हाला विकलेली नाही, फक्त वापरायला दिलेली आहे. ती दुसऱ्या कोणाच्या हाती जाता कामा नये.

सैकाल शेवटच्या अटीपाशी थोडी थांबली. मग माझ्या झाकणावरून हात फिरवून म्हणाली, "म्हणजे तू माझा, आणि तुझ्या आतलं त्यांचं." तिने 'मान्य' म्हटलं. त्यानंतर तिने लाल चिकटपट्टीचा तुकडा कापून माझ्या झाकणावर लावला. परीक्षकांमध्ये ही पद्धतच आहे. लाल पट्टीच्या यंत्रावर कोणी घरचे फोटो ठेवत नाही, कोणी कामाचं काही लिहीत नाही.

ते दिवस चांगले होते. दर काही आठवड्यांनी नवी आवृत्ती यायची आणि थांबण्याची तारीख पुढे सरकायची. कधी माझा आवाज जायचा, कधी किर्गिझ अक्षराच्या जागी रिकामा चौकोन उमटायचा. सैकाल रागावायची नाही. दोष पुन्हा घडवून बघायची, कुठल्या पायरीला घडतो ते नेमकं लिहायची आणि पाठवायची. पुढच्या आवृत्तीत चौकोन जाऊन अक्षर आलं की ती मला "शाब्बास!" म्हणायची. खरं तर शाबासकी तिची होती, पण मी ती ठेवून घेत असे.

मग शरद ऋतूच्या अखेरीस घरात मेजवानी ठरली. नातेवाईक येणार म्हणून बाक्तिगुलने सगळं घर घासून काढलं. तिने माझं झाकणही पुसलं. कोणीतरी मुलाने चिकटवलेली घाण असावी असं वाटून तिने लाल पट्टी नखाने खरवडून काढली. मी स्वच्छ दिसू लागलो. त्या घरातली माझी शेवटची संध्याकाळ मी असा देखणा होऊन घालवली.

पाहुण्यांमध्ये आत-बाशीहून आलेली कुलिपा एजे होती. ती सैकालचे वडील तुर्दुबेक यांची चुलत बहीण. वयाने मोठी, म्हणून सगळे तिला एजे, म्हणजे ताई, म्हणत. तिच्या पिशवीत जुन्या कॅसेटी होत्या. गावोगावच्या म्हाताऱ्या बायकांचे कोशोक तिने तरुणपणी टेपवर उतरवून घेतले होते. कोशोक म्हणजे घरात मृत्यू झाल्यावर बायका गातात तो विलाप. बायका आत भिंतीकडे तोंड करून गातात आणि पुरुष दाराबाहेर उभे राहून ऐकतात. गेलेल्या माणसाचं सगळं आयुष्य त्या ओळींमध्ये येतं. मृत्यू नसताना कोशोक गाणं अशुभ मानतात. त्यामुळे गाणाऱ्या गेल्या की उरतात त्या फक्त कॅसेटी. कुलिपाच्या कॅसेटींची पट्टी आता झिजली होती.

जेवणाच्या दस्तरखानावर मांस आणि बोरसोक, म्हणजे पिठाचे तळलेले गोळे, मांडलेले, सगळे पोटभर जेवलेले, आणि कुलिपाची नजर माझ्याकडे गेली. तिने मला उचलून पाहिलं.

"किती हलका! आणि काय देखणा! असा एक असता तर माझ्या बायकांचे आवाज वाचले असते."

तुर्दुबेक लगेच उभे राहिले. पाहुण्याने जिचं कौतुक केलं ती वस्तू त्याच्या हातात द्यायची, ही त्यांच्या घराण्याची रीत. "मग तो तुझाच, एजे. हातात घेतलास ना, आता खाली ठेवू नकोस."

सैकाल ताडकन उठली. "बाबा, तो... तो अजून तपासणीतला आहे."

"तपासणीतला म्हणजे?"

करार तिच्या जिभेवर आला असणार. सांगावं तरी पंचाईत, न सांगावं तरी पंचाईत. कोपऱ्यातून एक मामा मोठ्याने बोलले, "बघितलंत? शहरातल्या पोरी! द्यायची वेळ आली की वस्तू लगेच आजारी पडते."

सगळे हसले. सैकालचे कान लाल झाले. तुर्दुबेकनी मुलीकडे असं पाहिलं, की ती पुन्हा खाली बसली.

सकाळी माझ्यात जुनी, पक्की प्रणाली परत घालून मग मला पाठवायचं, असं तिने मनात ठरवलं होतं. पण वाटेतल्या डोलोन घाटावर बर्फ सुरू झाल्याचा फोन आला. घाट बंद व्हायच्या आत पोहोचायचं म्हणून टॅक्सीवाला खाली भोंगा वाजवू लागला. सैकालने माझा चार्जर पिशवीत घातला आणि जिन्यातच कुलिपाचा हात धरला.

"एजे, यात जे ठेवाल ते दुसरीकडेही ठेवा. हा कच्चा आहे."

"कच्चा? बोरसोक आहे का हा?"

"जास्त सांगता येत नाही. कबूल केलंय मी."

"मग नको सांगूस. मी कधी कोणाचं गुपित उकरलंय का?" असं म्हणून कुलिपाने तिच्या कपाळाचं चुंबन घेतलं आणि टॅक्सीत बसली.

आत-बाशीत मला भरपूर माया मिळाली. माझ्याखाली लोकरीच्या नमद्याचा तुकडा, माझ्यावर धुतलेलं फडकं. कुलिपाने टेपरेकॉर्डरची वायर मला जोडली आणि एकेका बाईचा आवाज माझ्यात उतरू लागला. कोणी नवऱ्यासाठी गात होती, कोणी सुनेसाठी. सगळ्यात शेवटी तिने तिच्या आईची कॅसेट लावली. कुलिपाचा थोरला भाऊ एसेन कळपामागे गेला आणि बर्फाच्या लाटेखाली सापडून गेला. आईने त्याच्यासाठी गायलेला तो कोशोक होता, सगळ्यांत लांब. कॅसेट वाजत होती तोवर कुलिपा भिंतीकडे तोंड करून बसली. आवाज संपला, तिने कॅसेट काढायला हात घातला, तर आतली तपकिरी पट्टी टेपरेकॉर्डरमध्ये गुंतून तुटली. तिने ती सोडवण्याचा प्रयत्न केला, मग सोडून दिला. माझ्याकडे पाहून ती म्हणाली, "तुझ्यात आहे ना, मग झालं."

उतरलेलं नीट आलंय का, हे तिने ऐकून पाहिलं नाही. असा कोशोक काही कारण नसताना पुन्हा लावत नाहीत.

त्या गावात इंटरनेट फक्त फोनवर चाले आणि तेही मधूनमधून. माझ्यासाठी नवी आवृत्ती आलीच नाही, म्हणून थांबण्याची तारीख पुढे सरकली नाही. पडद्यावर इंग्रजीत सूचना येऊ लागली. कुलिपाला किर्गिझ आणि रशियन येतं. तिला ती जाहिरात वाटली. ती रोज नेमाने सूचना बंद करायची. मला ओरडून सांगावंसं वाटे, पण मला दिलेल्या शब्दांपलीकडे मी काय बोलणार?

तिकडे सैकाल रोज घाटाची बातमी पाहत होती, हे मला नंतर कळलं. जाते म्हणाली, की वडील म्हणत, "दिलेल्या वस्तूच्या मागे धावत जायचं नसतं. लोक काय म्हणतील?" मग एका सकाळी मी स्वतःहून बंद पडू लागलो आणि शेवटी उठलोच नाही. कुलिपाने फोन लावला.

"सैकाल, तुझा लॅपटॉप झोपलाय गं. हलवलं तरी उठत नाही. माझी आई आत आहे."

घाट तेव्हा उघडा होता. सैकालने कोट चढवला. तुर्दुबेक दारात आडवे आले, तेव्हा ती पहिल्यांदा शांतपणे बोलली. "बाबा, तुम्ही जे दिलंत त्यातलं अर्धं माझं नव्हतं. यंत्र माझं, आतली प्रणाली कंपनीची. ती कोणाला द्यायची नाही असं मी मान्य केलं होतं. ती कच्ची आहे, ठरल्या दिवशी थांबते, हेही मला माहीत होतं."

"हे तू त्या दिवशी का नाही सांगितलंस?"

"सगळे हसत होते."

तुर्दुबेकनी बराच वेळ बूट शोधल्यासारखं केलं. मग टोपी घेतली आणि म्हणाले, "चल. मीही येतो."

कुलिपाच्या खोलीत सैकालने माझ्या पाठीचे स्क्रू काढले, आतली डिस्क बाहेर घेतली आणि आपल्या दुसऱ्या लॅपटॉपला जोडली. एकेक आवाज परत आला. नवऱ्यासाठी गाणारी आली, सुनेसाठी गाणारी आली. कुलिपा प्रत्येकीचं नाव घेत होती. शेवटी आई आली. एसेन लहानपणी घोड्यावरून पडला तिथवर ती गायली, त्याच्या लग्नापर्यंत आली, आणि एका ओळीच्या मध्येच आवाज तुटला. पुढे काहीच नव्हतं. कच्ची प्रणाली लांब आवाज शेवटपर्यंत साठवत नव्हती. तो दोष आजवर कोणाच्या लक्षात आला नव्हता.

सैकालने पुन्हा लावलं. पुन्हा तिथेच तुटलं. तिसऱ्यांदा लावायला गेली तेव्हा कुलिपाने तिचा हात धरला.

"राहू दे."

"पुढचं तुम्हाला येतं का, एजे?"

"येत असेल. पण घरात कोणी गेलेलं नाही. अवेळी कोशोक गायचा नसतो."

तुर्दुबेक खुर्चीवरून उठले. "एजे, माझ्या हाताने तुझ्या आईचा आवाज गेला. यापेक्षा वेगळं मरण कसलं असतं? गा." आणि ते दाराबाहेर जाऊन बर्फात उभे राहिले, जसे पुरुष उभे राहतात.

कुलिपा भिंतीकडे वळली. जिथे आई तुटली होती, तिथून तिने ओळ उचलली. काही ठिकाणी शब्द आठवले नाहीत, तिथे तिने नुसता सूर धरला. सैकालने तो आवाज लॅपटॉपवर घेतला आणि फोनवरही घेतला. दार उघडल्यावर तुर्दुबेकच्या मिशांवर बर्फ होता. त्यांनी बहिणीच्या खांद्यावर शाल टाकली.

बिश्केकला परतल्यावर सैकालने कंपनीला दोष कळवला, नेहमीसारखा नेमका. हा दोष कुठे सापडला हे लिहिताना यंत्र आपल्या हातून दुसऱ्याकडे गेलं होतं हेही तिने लिहिलं. दोषाबद्दल आभाराचं छापील उत्तर आलं. काही दिवसांनी दुसरं आलं: अट मोडली, म्हणून परीक्षकांमधून नाव कमी केलं आहे. तिने ते वडिलांना वाचून दाखवलं. तक्रार केली नाही.

पुढे ती प्रणाली पक्की होऊन बाजारात आली, तेव्हा लांब आवाज शेवटपर्यंत साठत होते. जगात कोणीतरी आपल्या आईचं बोलणं साठवलं असेल आणि ते पूर्ण राहिलं असेल. त्या माणसाला आत-बाशी माहीत नाही.

सैकालने माझ्यातही तीच पक्की प्रणाली घातली आणि मला कुलिपाकडे ठेवलं, यावेळी सगळं सांगून. आवाजांच्या प्रती बिश्केकमध्येही आहेत. मी आता मंद झालोय, पण तशी वेळ आली की माझ्यात साठवलेल्या बायकांना अजून गायला लावतो.

मित्रांनो, कच्च्या वस्तूत लाज वाटण्यासारखं काही नाही. मी कच्चा होतो म्हणूनच कामाचा होतो. पण जे कच्चं आहे ते कच्चं आहे, असं देताना स्पष्ट सांगा, सगळे हसले तरी सांगा. 'मान्य' म्हणण्याआधी काय मान्य करताय ते वाचा. आणि जो आवाज पुन्हा मिळणार नाही, तो एकाच घरात ठेवू नका.

सैकाल निघाली त्या दिवशी कुलिपाने तिच्याकडून लाल पट्टीचा तुकडा मागून घेतला आणि स्वतःच्या हाताने माझ्या झाकणावर लावला. आता त्या पट्टीची गरज नाही, हे तिलाही माहीत आहे. तरी रोज मला पुसताना ती फडकं पट्टीपाशी आलं की हात हलका करते आणि कडेने वळवून नेते.