थोरलीची सोबत

धाकटी हत्तीण ट्रकमधून उतरली, त्याच दिवशी माहुताच्या पोटात दुखायला लागलं. तसा तो जन्मात कधी हत्तीवर बसला नव्हता. पण प्राणिसंग्रहालयात हत्ती सांभाळणाऱ्याला लोक दुसरं काय म्हणणार? वीस वर्षं त्याने तिथल्या एकुलत्या हत्तिणीचं, थोरलीचं, सगळं केलं होतं. तिची नखं घासली, कानामागे तेल चोळलं, तिचं पोट बिघडलं तेव्हा हत्तीखान्यातच अंथरूण टाकलं. स्वतःच्या लग्नाचा वाढदिवस मात्र हा गडी दरवर्षी हटकून विसरायचा.

आणि आता ही कोण कुठली उपटसुंभ! लांबचं एक संग्रहालय बंद पडलं म्हणून इथे येऊन पडलेली, एका कानाला चीर गेलेली, चालताना पाय फरफटवणारी. संग्रहालयाच्या डॉक्टरीणबाई तर तिच्यावर बेहद्द खूश होत्या.

"खरं म्हणजे हत्तींना असं ठेवूच नये, काका," त्या म्हणाल्या. "ते काही आपल्या हातात नाही. पण निदान एकटं तरी ठेवू नये."

"एकटी कुठे आहे? मी आहे ना!"

बाई नुसत्या हसल्या. दोन शब्द सुनावले असते तर चाललं असतं, ते हसणं त्याला झोंबलं.

दोघी हत्तिणींच्या मध्ये गजांचं एक सरकतं दार होतं. आधी गजांतून ओळख होऊ द्यायची, बरं जमतंय असं दिसलं की दार उघडायचं, अशी पद्धत. महिनाअखेरपर्यंत नाहीच जमलं, तर धाकटीची रवानगी दुसरीकडे. माहूत मनातल्या मनात ती तारीख धरून बसला होता.

पहिल्याच संध्याकाळी थोरलीने गजांतून सोंड घातली आणि पोटातून घुमणारा एक खोल आवाज काढला. माहुताच्या हातातला झाडू तसाच राहिला. वीस वर्षांत त्याच्यासाठी तिने असा आवाज एकदाही काढला नव्हता. शिवाय थोरलीचं डुलणं थांबलं. दिवसदिवस ती जागच्या जागी डुलायची, "बघा, कशी नाचते," असं तो पोरांना कौतुकाने सांगायचा. आता ती गजांना अंग लावून शांत उभी राहू लागली. हे चांगलं लक्षण आहे, एवढं न कळायला तो काही दूधखुळा नव्हता. कळत होतं, म्हणूनच त्याच्या अंगाचा तिळपापड होत होता.

मग त्याने एक शक्कल लढवली. डॉक्टरीणबाई पाहणीला यायच्या वेळेला तो पार दुसऱ्या टोकाला जाऊन कलिंगड फोडायचा. थोरली कलिंगडावर जीव टाकायची. ती लगबगीने तिकडे यायची, आणि बाईंना दिसायचं काय, तर धाकटी गजांपाशी ताटकळत उभी आणि थोरलीने तिच्याकडे चक्क पाठ फिरवलेली. बाई मान हलवून निघून जायच्या. माहुताला पुढचा सगळा दिवस हलकंहलकं वाटायचं.

एका दुपारी त्याची बायको घरी विसरलेला डबा घेऊन आली. हा सगळा तमाशा तिने कोपऱ्यात उभं राहून बघितला आणि बाई गेल्यावर पुढे आली.

"अहो, कलिंगड रोज नेमकं याच वेळेला देता?"

"हो. का?"

"काही नाही. बायकांना सवत आलेली ऐकली होती, पुरुषाला आलेली आजच बघतेय."

"उगाच काहीतरी बोलू नकोस!" माहूत उसळला. "थोरली माझी पावलं ओळखते. ही काल आलेली, हिचा काय संबंध?"

"तुम्ही संध्याकाळी घरी येता," बायको म्हणाली. "ती कुठे जाते?"

एवढं बोलून तिने डबा त्याच्या हातात दिला आणि ती चालायला लागली. त्या दिवशी डबा तसाच परत गेला.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी बाईंनी निकाल त्याच्यावरच सोपवला. "तुम्ही म्हणाल तसं, काका. तुमच्याइतकं तिला कोण ओळखतं?"

'नाही जमणार' हे शब्द त्याने सकाळपासून घोकून ठेवले होते. त्याने थोरलीकडे पाहिलं. आज कलिंगड नव्हतं, आणि ती गजांपाशीच होती.

"जमतंय," तो कुणीतरी खिसा कापल्यासारखा चिडून म्हणाला, आणि त्याने दार सरकवलं.

दोघी एकमेकींना भिडल्या. सोंडेत सोंड, कानांची फडफड, नुसता कल्ला! थोरलीने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते काही त्याला सोसवेना.

"ये गं बाई," त्याने हाक मारली.

थोरली थबकली. तिने धाकटीच्या तोंडातून सोंड काढून घेतली, मान खाली घातली, आणि एकेक पाऊल टाकत त्याच्याकडे यायला निघाली. तिला यायचं नव्हतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. तरी ती येत होती. तिला तसं शिकवलंच होतं, आणि शिकवणारा तोच होता.

माहूत झटक्यात मागे सरला आणि भिंतीआड जाऊन अंग चोरून उभा राहिला. डॉक्टरीणबाई घाबरून त्याच्यामागे धावल्या.

"काका, काय झालं?"

"हळू बोला," तो कसंबसं म्हणाला. "मी इथे आहे हे कळलं, तर ती तिला सोडून येईल."