पाऱ्याची साक्ष

"हळू दाब. सूड उगवतेयस का माझ्यावर?"

सासूबाई पुटपुटल्या. माझा पट्टा त्यांच्याच दंडाला गुंडाळलेला, त्यामुळे मला ऐकू आलं. फुगा दाबणाऱ्या सुनेलाही आलं. ती दाबत राहिली.

मित्रांनो, मी एक जुना रक्तदाबमापक आहे. पत्र्याची पेटी, काचेची नळी, नळीत पारा. सासूबाई दवाखान्यात नर्स होत्या. तीस वर्षं मी त्यांच्या हाताखाली राबलो. त्यांचा नियम एकच: "आधी आडवं व्हा, पाच मिनिटं गप्प पडा, मग आकडा." त्या निवृत्त झाल्या, तेव्हा डॉक्टरांनी मला त्यांच्यासोबत घरी पाठवलं. तिथे कपाटावर धूळ खात पडलो होतो.

मग एका महिन्यात सासूबाई तीनदा पडल्या. प्रत्येक वेळी पलंगावरून उठताना.

"फरशी ओली ठेवते ही," नणंद म्हणायची. "कोरडी करायला हात झिजतात हिचे." सासूबाई हो म्हणत नसत, नाहीही म्हणत नसत. मी तरी काय सांगणार? दर वेळी मला खाली काढायचे, पण मोजायचे त्यांना आडवं करूनच: एकशे तीस, ऐंशी.

"बघा, आईला काही झालेलं नाही," नणंद आताही म्हणाली. "मी तिला घेऊन जाते. का नेतेय, तेही चारचौघांत सांगते."

मित्रांनो, मला राग आला. आडव्या माणसाचं विचारलं, तर मी आडव्याचंच सांगणार ना? माणूस उठला की रक्त पायांकडे उतरतं. मग हृदयाला लगबग करावी लागते, रक्तवाहिन्यांना आवळावं लागतं, तेव्हा कुठे डोक्याला रक्त पुरतं. वय झालं की ही धावपळ उशिरा सुरू होते आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून घरच्या म्हाताऱ्या माणसांना झटकन उठवू नका. आधी पलंगाच्या कडेला बसू द्या, पाय हलवू द्या. आणि यंत्राला अर्धाच प्रश्न विचारून कुणावर आळ घेऊ नका.

सुनेनं पट्टा सोडला नाही.

"आई, उभ्या राहा."

"माझा नियम ठाऊक आहे ना तुला?"

"ठाऊक आहे. तुम्ही चालताना कधी पडत नाही, उठतानाच पडता. राहा उभ्या, मी धरते."

पट्टा पुन्हा फुगला. पारा उतरत गेला, उतरत गेला आणि मघाच्या एकशे तीसऐवजी नव्वदवर पहिला ठोका लागला. सासूबाईंची बोटं सुनेच्या खांद्यात रुतली होती.

"ते असू दे, पण फरशी..." नणंद म्हणाली.

सासूबाई कडेला टेकल्या. पट्टा त्यांनी स्वतःच सोडला, सवयीनं नीट गुंडाळला.

"म्हातारी झाले म्हणवेना," त्या मुलीला म्हणाल्या, "म्हणून आळ हिच्यावर जाऊ दिला. फरशी तिन्ही वेळा कोरडी होती."