धुराड्यावरचा डबा

मी धुराड्यावरचा डबा बोलतोय. पालथा बसून बोलतोय, तेव्हा आवाज जरा पोकळ आला तर समजून घ्या.

माझा जन्म पत्र्याच्या कारखान्यातला. पोटात पहिल्यांदा पडली ती डुकराची चरबी. ऑल्डनच्या आईने ती तळणात संपवली, मला खळखळून धुतलं, आणि मी ऑल्डनच्या शाळेचा जेवणाचा डबा झालो. मला कडीला धरून तो बर्फातून दोन मैल चालत जायचा. पुढे तो लाकडाच्या गिरणीत लागला, उजव्या हाताचं पहिलं बोट अर्धं करवतीला देऊन आला, पण मला त्याने टाकलं नाही. खिळे, रानातल्या रासबेरी, गळाला लावायची गांडुळं, काय काय वाहिलं मी. तक्रार नाही. गांडुळांची थोडी आहे.

लग्नानंतर त्याने तळ्याकाठी स्वतःच्या हातांनी लाकडी घर बांधलं. उन्हाळ्यात तिथे यायचं आणि ऑक्टोबरात ते बंद करायचं. बंद करायची रीत ठरलेली होती. नळांतलं पाणी काढायचं, उंदरांनी कुरतडू नयेत म्हणून गाद्या टांगायच्या, आणि सगळ्यात शेवटी शिडी लावून मला धुराड्यावर पालथं घालायचं, म्हणजे खारी-पाखरं आत उतरत नाहीत. मे महिन्यात आल्याआल्या आधी मला उतरवायचं. मी स्वयंपाकाच्या टेबलावर येऊन बसल्याशिवाय ऑल्डन काडी ओढायचा नाही.

आधी लाकडाची शेगडी होती. तेव्हा मी चुकून वर राहिलो असतो, तर घरभर धूर होऊन सगळे खोकत बाहेर पळाले असते. मग ऑल्डनच्या बायकोला, व्हर्नाला, दम लागायला लागला आणि त्याने गॅसचा हीटर बसवला. त्याचाही विषारी वायू याच धुराड्यातून बाहेर जातो. पण तो दिसत नाही आणि त्याला वासही नाही. वाट बंद असली तर तो मुकाट घरात साठतो, आणि माणसं झोपेतून उठतच नाहीत.

धुराड्याच्या तोंडावर बसलेल्याला खालचं सगळं ऐकू येतं. हिवाळ्यात तळं गोठताना कण्हतं ते ऐकायचं, नाहीतर रिकाम्या घरातली एखादी खुर्ची आपली आपणच कुरकुरते ती. मी जुना पत्रा आहे, असल्या गोष्टींना घाबरत नव्हतो.

गेल्याच्या गेल्या ऑक्टोबरात मला वर चढवून सगळे खाली उरलंसुरलं खायला बसले. ऑल्डन, व्हर्ना, त्यांची मुलगी जोलीन, जावई डर्क आणि दोन नातवंडं. जोलीन म्हणाली, "या वर्षी जानेवारीत येऊ या. बर्फाला भोकं पाडून मासे धरू, पत्ते खेळू."

"जानेवारीत?" व्हर्ना म्हणाली. "पन्नास वर्षांत कुणी आलं नाही जानेवारीत."

"म्हणूनच तर, आई! मी यादी करते. पाणी घरून आणायचं. गरम पांघरुणं. सॉसेज डर्क आणेल."

"सॉसेज कायम डर्कच का आणतो?"

"कारण खातोही डर्कच," जोलीन म्हणाली.

मी वर थिजलो. तीन महिने आधीपासून भाकरीच्या तुकड्यापर्यंत सगळं ठरत होतं. कोण कुठे झोपणार, कॉफी किती, मुलांना जाड मोजे किती. माझं नाव कुणीच घेईना. मला मे महिन्यात उतरवतात, एवढंच सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं.

शेवटी ऑल्डन खाकरला. "ते... वरचं..."

"बाबा, सगळं फोनमध्ये लिहिलंय. तुम्ही फक्त या."

आता आमच्याकडची माणसं कशी, तर छप्पर कोसळत असलं तरी दुसऱ्याचं बोलणं तोडणार नाहीत. ऑल्डन तर त्यातला मुकुटमणी. कशाची फार स्तुती करायची झाली तर "वाईट नाही" म्हणणारा. तो म्हणाला, "बरं. मी येईनच की." मनात म्हणाला असेल, आपण आहोतच डबा उतरवायला. डर्कने शिडी घराखाली सरकवली, दारात उभं राहून अर्धा तास निरोप झाले, आणि गाड्या गेल्या.

डिसेंबरात आधी पाऊस पडला आणि पडतापडताच गोठला. मी धुराड्याला असा चिकटलो की जणू एकाच पत्र्यातून कापलेले. मग दोन दिवस बर्फ पडला. तिसऱ्या दिवशी दुपारी लख्ख ऊन होतं, पानसुद्धा हलत नव्हतं. गाडीचा आवाज आला नाही. पावलं वाजली नाहीत. आणि घराखालून शिडी ओढल्याचा आवाज आला.

शिडी पन्हळीला टेकली. पायऱ्या एकेक करून वाजल्या. मग माझ्यावर हात पडला. उघडा हात, एवढ्या थंडीत. चार बोटं आणि अर्धं बोट. मी तो हात लहानपणापासून ओळखतो. ऑल्डन! मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. त्याने मला पिळलं, तळव्याने ठोकलं, पण बर्फ काही सोडेना. बराच वेळ तो झटत होता आणि त्याला जराही धाप लागत नव्हती, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

"वाईट झालं," तो म्हणाला. ही त्याची सगळ्यात मोठी शिवी.

मग हात निघाला. पायऱ्या उतरताना वाजतील म्हणून मी वाट बघत राहिलो. वाजल्या नाहीत. छपराच्या कडेपलीकडे पांढरं अंगण पसरलं होतं, आणि त्यावर रस्त्यापासून घरापर्यंत एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

जानेवारीत गाडी आली. दारं आपटली, मुलं ओरडली. ऑल्डनचा आवाज ऐकायला मी कान टवकारले, तर खालून जोलीन म्हणाली, "बाबांना आवडलं असतं ना, आई?" तेव्हा मला कळलं. नाताळच्या आधी, गावातल्या घरी, दारातला तोच बर्फ ओढता ओढता तो गेला होता.

डर्क हीटरपुढे गुडघे टेकून बसला. काडी ओढली. फुस्स आवाज झाला, आणि माझ्या पोटात ऊब साचायला लागली. बाहेर पडायला जागा कुठे होती? मी काय करणार होतो, सांगा. मला ना हात ना तोंड. खाली दोन मुलं पांघरुणांत उड्या मारत होती.

तेवढ्यात बाहेरून जोलीन ओरडली, "डर्क, शिडी कशाला लावलीस?"

"मी कुठे लावली? मीच तर ऑक्टोबरात घराखाली ढकलली. तुझ्यासमोर!"

"मग ही काय आहे?"

"तूच लावली असशील."

"हो, माहेरून येताना पर्समध्ये घालून आणली!"

व्हर्ना बाहेर आली. ती शिडीकडे बघत राहिली, मग नजर पायरी पायरीने वर चढली आणि माझ्यावर थांबली. असा आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "मुलांना बाहेर काढ! हीटर बंद कर! डबा वर आहे!"

डर्कने हातोडीने ठोकून मला सोडवलं. खाली आल्यावर तो पायरीवरच बसला. जोलीन मुलांना छातीशी धरून रडत होती. व्हर्नाने मला मांडीवर घेतलं. माझ्या अंगावरच्या बर्फात हात रुतल्याची खूण होती, चार बोटं आणि एक अर्धं. तिने त्यात आपली बोटं बसवली आणि ती खूण वितळेपर्यंत काढली नाहीत. कुणाला दाखवलीही नाही.

त्यानंतर जोलीनने नवी यादी लिहून हीटरवर चिकटवली. पहिलीच ओळ माझी आहे. गेल्या ऑक्टोबरात ती म्हणत होती, "हा डबा टाकूनच देऊ, धुराड्याला जाळी बसवू." व्हर्ना म्हणाली, "डबाच राहील." आईपुढे कोण बोलणार!

आता पुन्हा जानेवारी आलाय, उद्या शनिवारी सगळे यायचे आहेत. आज दुपारी व्हर्ना एकटीच गाडी घेऊन आली. मुलीला तिने सांगितलंय म्हणे, मी पुढे जाऊन घर गरम करून ठेवते. मला खाली दोन कप मांडल्याचा आवाज आला. खुर्ची खिडकीजवळ ओढली गेली. मग तिने यादी मोठ्याने वाचली.

"डबा उतरवला का?" आणि स्वतःच उत्तर दिलं, "नाही उतरवला."

तिला हसू आलं. मग ती अगदी हळू म्हणाली, "नातवंडांसाठी आलास. मी तेव्हा आत होते, तुला बघितलंच नाही. आता ये. मी खिडकीत बसलेय."

बाई, खुळी का काय तू! मी ओरडतोय, पण पत्र्याचं ओरडणं कुणाला ऐकू जातं? तिने काडी ओढली. माझ्या पोटात ऊब चढायला लागली आहे. आधी ती कपात चमचा ढवळत होती, आता ढवळण्याचा आवाजही मंद झालाय. अंगण पांढरं आहे, ऊन लख्ख आहे, आणि रस्त्यावर कुणी नाही.

ऑल्डन, आयुष्यभर तुझ्याकडे काही मागितलं नाही मी. यंदा पाऊस गोठला नाही. मी अगदी सैल बसलोय रे, नुसतं बोट लावलंस तरी पडेन.