सरकारले नको असलेली साक्ष

माह्या हरिदासले लक्ष्मणरावनं कुऱ्हाडीनं मारलं, ते म्या माह्या डोयानं पाह्यलं. दुसरं कोनी पाह्यलं नाई. पोराचा गुन्हा काय, तर सत्तावनच्या निवडनुकीत लक्ष्मणरावच्या मामाच्या पेटीत मत टाकू नका म्हनत घरोघरी फिरला. मामा म्हनजे बबनराव. तो निवडून आला, मंग त्याच्या भाच्याले सजा कोन देते?

वर्ध्याच्या कोर्टातले जुने सरकारी वकील चांगले होते. त्याईनं मले समोर बसवून सारं इचारलं. म्हनले, "पंचफुलाबाई, तुमच्या साक्षीवरच खटला उभा आहे." लय धीर आला मले. पन बबनराव मुंबईले जाऊन आला न् वकीलच बदलला. नवा वकील कोन, तर बबनरावच्या जीपमंधी उभा राहून प्रचाराची भाषनं ठोकनारा. साऱ्या हिंगणघाटले माईत. आमी अर्ज केला का हा नको. तर म्हने, सरकारी वकील तुमाले निवडता येत नाई. बबनरावले येते, आमाले नाई. आग लागो असल्या कारभाराले.

खटल्याच्या दिवशी नवा वकील मले म्हने, "बाई, बाहेर बसा. साक्षीदारानं आधी आत यायचं नसतं. आलात तर साक्ष बाद होईल. चपराशी नाव पुकारेल." म्हनून मी व्हरांड्यात बसली. डॉक्टर आत गेला, फौजदार गेला, पाटील गेला. मी घोटभर पान्यालेबी उठली नाई. हाक आली न् मी जागेवर नसली तर? जे सांगायचं ते मनात घोकून राह्यली होती.

मंग आतून चिंधू आला, माहा नवरा. त्याचं तोंड पाहून मी उठून उभी राह्यली.

"वकिलानं जजसाहेबाले सांगतलं, ही मेलेल्याची माय हाये, हिची साक्ष सरकारले नको. सुटला लक्ष्मणराव, पंचफुले."

"मंग तू काऊन नाई बोलला?"

"बोललो. मले बाहेर काढलं."

मी आत धावली. जजसाहेब उठून राह्यले होते. म्या साक्षीच्या पिंजऱ्याले धरलं न् म्हनलं, "साहेब, म्या पाह्यलं. मले इचारा."

साहेब थांबले. मानूस वाईट नव्हता. म्हनले, "बाई, प्रश्न तुमच्या बाजूच्या वकिलांनी विचारायचे असतात. ते हे काय, तुमच्यासमोर उभे आहेत."

माह्या बाजूचा वकील. मी सगळ्याईच्या देखत त्याच्या पाया पडली. "एकच इचार, बापा. कोनं मारलं, एवढंच इचार. मंग मले जेलात टाक."

तो वर पाहून म्हने, "सरकारला काही विचारायचं नाही, महाराज."

माहा पोरगा, माह्या पोटचा, न् त्याच्यासाठी बोलाचं कोनी हे बबनराव ठरवते. जजसाहेब आत चालले गेले. मी पाय सोडले नाई. तसाच उभा राहून वकील चपराशाले म्हनत होता, हिला बाजूला कर, मला उशीर होतो आहे.