शेजारचा तारा

दर्शनाला एव्हलिनचा हेवा वाटायचा, आणि स्वतःपाशी ती तो कबूलही करायची. मुलुंडहून येऊन तीन वर्षं ती विद्यापीठाच्या खगोलशास्त्र विभागात संशोधन करत होती, पडेल ते काम अंगावर घेत होती. गोराईच्या एव्हलिनला येऊन उणंपुरं वर्ष झालं होतं, तरी विभागप्रमुख धुरी सरांच्या तोंडी सारखं तिचंच नाव. आता तर लडाखच्या दुर्बिणीवर विभागातून एकीलाच पाठवायचं होतं, आणि शुक्रवारी एव्हलिनने आपलं काम नीट मांडलं की तिचं जाणं पक्कं होतं. दर्शनाचा नुसता जळफळाट चालला होता.

विभागाची रीत अशी, की काम मांडण्याआधी ते सोबतच्या कुणाकडून तरी तपासून घ्यायचं. एव्हलिनने आलेख दर्शनापुढे ठेवला.

"तूच बघ गं. तुझी नजर बारीक आहे."

एखाद्या ताऱ्याचा उजेड किती घटला, हे शेजारच्या, उजेड कायम स्थिर असणाऱ्या ताऱ्याशी ताडून ठरवतात. इथे एव्हलिनने निवडलेला शेजारीच स्थिर नव्हता. त्याचाच उजेड कमी-जास्त होत होता, आणि तिने सगळं खापर आपल्या ताऱ्यावर फोडलं होतं. दर्शनाला हे पाच मिनिटांत कळलं. तिने कागद मिटला.

"झकास आहे," ती म्हणाली.

शुक्रवारी पाहुण्या म्हणून आलेल्या रत्नप्रभा मॅडमनी पहिलाच प्रश्न त्या शेजाऱ्याबद्दल विचारला. एव्हलिनचा चेहरा उतरला. दर्शनाला मनातून गुदगुल्या होत होत्या, तेवढ्यात सर म्हणाले, "हे तपासलं कुणी?"

दर्शनाने नजर समोरच्या वहीत खुपसली.

"कुणालाच दाखवलं नाही, सर," एव्हलिन म्हणाली. "राहून गेलं."

सर तिला सगळ्यांदेखत वाट्टेल ते बोलले. दुपारी लडाखसाठी दर्शनाचं नाव लागलं.

दर्शनाने तिला जिन्यात गाठलं. "माझं नाव का नाही घेतलंस?"

"तुझ्या नजरेतून सुटलं असेल ना. दोघींनी कशाला बोलणी खायची?" एव्हलिनने बॅग खांद्याला लावली. "जाऊन ये मस्त."

एव्हलिनच्या मनात कसलंच किल्मिष नव्हतं, आणि तेच दर्शनाला सोसवेना. हवी ती जागा मिळाली होती, तरी हेवा तसूभरही कमी झाला नव्हता. उलट वाढला होता, आणि आता तो कशाचा, हे कुणाला सांगायची सोय उरली नव्हती.